जगाची पीकपाहणी

२०२४ सालच्या दिवाळीनंतर आमच्या संघाची बैठक भरली होती, तींत एका वडीलधाऱ्या सभासदांनीं उभे राहून एक प्रश्न केला. सोयाबीनचीं पोतीं घेऊन ते बाजारांत गेले, तेव्हां क्विंटलास ४,८९२ रुपये हा सरकारचा हमीभाव असतां प्रत्यक्ष सौदा त्याच्या बराच खालीं निघाला. कारण विचारतां अडत्यानें सांगितलें कीं, ब्राझिलांत पाऊस बरा झाला आहे. सभासदांचें म्हणणें असें कीं, ब्राझिलांतल्या पावसानें आमच्या शिवारांतील मालास बाध कां यावा, हें एक. आणि तो पाऊस पडल्याची बातमी ओट्यावर बसलेल्या माणसास आमच्या आधीं कशी कळते, हें दुसरें. बैठकींत थोडा हंशा झाला. कोणीं तरी अडते थापाच मारतात असें म्हणून विषय मिटविला. परंतु प्रश्न मिटण्यासारखा नव्हता, आणि ती थापही नव्हती. चिटणिसांनीं त्याचें उत्तर मासिकांत लिहिण्याचें काम आमच्यावर टाकलें, तें आम्ही यथामति करीत आहों.

आमचा ह्या विषयाशीं संबंध एवढाच कीं, तहसील कचेरींत कारकुनी करितांना आम्ही तीस वर्षें पिकांचे आकडे लिहिले. गांवचा गोषवारा मंडळास, मंडळाचा तालुक्यास, तालुक्याचा जिल्ह्यास. बेरीज जुळली कीं आमचें काम संपलें. तो आकडा जिल्ह्याच्याही पुढें कोठें जात असेल, ह्याचा विचार करण्यास सेवानिवृत्तीनंतर सवड मिळाली. तो पुणें, दिल्ली असा चढत चढत, सर्व देशाच्या बेरजेंत मिसळून, अखेर इटलीची राजधानी जें रोम शहर तेथें जातो. तेथें सर्व जगाच्या पिकांचा गोषवारा होतो. आणि ही जगाची चावडी ज्यानें प्रथम उभी करविली तो मनुष्य मूळचा कापडचोपडाचा दुकानदार होता, हें वाचून आम्हांस नवल वाटलें.

त्याचें नांव डेव्हिड ल्युबिन. त्याचा जन्म १८४९ सालीं, रशियाच्या ताब्यांत असलेल्या पोलंडांत, एका यहुदी कुटुंबांत झाला. लहानपणींच तो अमेरिकेस गेला आणि १८७४ सालीं कॅलिफोर्नियांतील सॅक्रामेंटो गांवीं त्यानें दुकान थाटलें. प्रत्येक वस्तूवर भाव लिहावयाचा आणि गिऱ्हाईक शहाणें असो वा भोळें, तोच भाव घ्यावयाचा, असा त्याचा नेम होता. आमच्याकडे बाजारांत रुमालाखालीं बोटें दाबून सौदे होत व ज्याचा माल त्यासच भाव सर्वांच्या शेवटीं कळे. तें ज्यांनीं वडिलांकडून ऐकलें आहे त्यांस उघड भावाची किंमत निराळी सांगावयास नको. दुकान भरभराटीस आलें. हातीं पैसा आला तसा त्यानें जमिनी घेऊन गव्हाची व फळांची लागवड केली, आणि तेथें त्यास ठेंच लागली.

दुकानांत भाव तो ठरवी. शेतांत पिकलेल्या गव्हाचा भाव मात्र हजारों कोसांवर, इंग्लंडांतील लिव्हरपूलच्या बाजारांत ठरे. त्या बाजारांत जगभरचा गहू येई, म्हणून तेथील भाव जगभरच्या गव्हाच्या अंदाजावर चाले. रशियांत बर्फानें पीक मारलें काय, हिंदुस्थानांत अवर्षण पडलें काय, अर्जेंटिनांत पीक साधलें काय, ह्या बातम्या मोठ्या व्यापाऱ्यांपाशीं त्यांच्या गुमास्त्यांकडून पोंचत. खऱ्या बातम्या ते आपल्यापाशीं ठेवीत. खोट्या सोडून देणें त्यांस कठीण नव्हतें. वर्षभर राबून माल ज्यानें काढला तो आंधळा, आणि घेणारा डोळस, अशा दोघांमधील सौदा तो. ल्युबिननें ताडलें कीं, हा अन्याय कोणा एका देशाच्या कायद्यानें दूर होणारा नाहीं. एका देशानें आपल्या पिकाची मोजणी कितीही चोख केली तरी बाकीच्या जगाचा आकडा अंधारांतच राहणार. तेव्हां सर्व राष्ट्रांनीं एकत्र बसून सर्व जगाचें पीक मोजावें आणि तो आकडा लहानथोर सर्वांस एकाच वेळीं जाहीर करावा.

ही कल्पना घेऊन तो युरोपांतील राजधान्या हिंडला. पुष्कळांनीं त्यास विक्षिप्त ठरविलें. अखेर १९०४ सालच्या ऑक्टोबरांत इटलीचा राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल ह्याची भेट मिळाली आणि ती कल्पना त्या राजास पटली. १९०५ च्या उन्हाळ्यांत रोम येथें परिषद भरली, ७ जून रोजीं करार झाला, ४० राष्ट्रांच्या सह्या त्यावर झाल्या. राजानें आपल्या खासगी जमिनींचें वार्षिक तीन लाख लिरांचें उत्पन्न व बोर्गेझे बागेंत एक इमारत दिली, आणि १९०८ सालीं आंतरराष्ट्रीय शेतकी संस्थेचें काम तेथें सुरू झालें. राष्ट्रसंघाचा जन्म अद्याप बारा वर्षें दूर होता. लढाया थांबविण्याकरितां राष्ट्रें एका छपराखालीं येण्याच्या आधीं तीं गव्हाची मोजदाद करण्याकरितां आलीं, ही गोष्ट शेतकरीवर्गानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

मात्र दोन बाबतींत ल्युबिनच्या मनासारखें झालें नाहीं. त्याच्या मनांत हें मंडळ शेतकऱ्यांच्या संघांचें असावें असें होतें. राष्ट्रांच्या सरकारांनीं तें सरकारी प्रतिनिधींचें केलें. दुसरें असें कीं, करारांतच मर्यादा घालून टाकली: संस्थेनें माहिती गोळा करावी, तिचा अभ्यास करावा, ती छापावी, फार तर सरकारांस सूचना करावी, हुकूम कोणासही करूं नये. ‘तुमचा आकडा खोटा आहे’ असें म्हणून कोणत्याही राज्याची वही जप्त करण्याची सत्ता तिला नव्हती, आणि तिच्या वारसांस आजही नाहीं. ल्युबिन त्या संस्थेंत अमेरिकेचा प्रतिनिधि म्हणून अखेरपर्यंत राबला आणि १९१९ च्या पहिल्या तारखेस, इन्फ्लुएन्झाच्या साथींत, रोम येथेंच वारला.

येथें कोणी म्हणेल कीं, आकडा लिहिण्यांत एवढें काय आहे? त्यांस आम्ही खेड्याची आठवण देतों. गुजराथेंतील खेडा जिल्हा तेव्हां मुंबई इलाख्यांतच होता. नियम असा होता कीं, पीक चार आणे किंवा त्याहून कमी आलें तर त्या सालचा सारा संपूर्ण तहकूब व्हावा. १९१८ सालीं तेथील शेतकरी म्हणत पीक चार आण्यांच्या आंत आहे. कचेरीचे कागद म्हणत वर आहे. गांधीजी व वल्लभभाई ह्यांनीं जो सत्याग्रह तेथें केला त्याचा उगम आणेवारीच्या ह्या एका आंकड्यांत आहे. शेत तेंच, कणसें तींच, पण पाहणारा डोळा कोणाचा, ह्यावर जप्ती येणार कीं सूट मिळणार हें ठरलें. आज आण्यांच्या जागीं पैसे आले, ५० पैशांच्या आंतबाहेरचा तंटा अद्याप आहेच.

म्हणून नजरेच्या अंदाजाऐवजीं प्रत्यक्ष वजन घेण्याची शास्त्रशुद्ध रीत जेथून निघाली तिची हकीकत थोडी विस्तारानें सांगतों. कारण तींत आपल्याकडील एका माणसाचा मोठा वांटा आहे. सातारा जिल्ह्यांतील खटाव तालुक्यांत बुध नांवाचें गांव आहे. तेथें १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत शिकले, पुढें लंडनहून गणिती संख्याशास्त्राची पदवी घेऊन आले, आणि दिल्लीस शेतकी संशोधनाच्या मध्यवर्ती परिषदेंत लागले. तेथें १९४० नंतरच्या दशकांत त्यांनीं व विनायक गोविंद पानसे ह्यांनीं पीककापणी प्रयोगांची पद्धति बसविली. गांव कोणतें, शेत कोणतें, शेतांतील कोपरा कोणता, हें पाहणाऱ्याच्या मर्जीवर न ठेवतां चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें आंकड्यांच्या तक्त्यावरून ठरवावयाचें. तेथें दोरी लावून मोजका चौकोन आंखावयाचा. तेवढेंच पीक कापून, मळून, वाळवून तोलावयाचें. हल्लीं पीकविम्याची भरपाई ज्या कापणीवर ठरते ती हीच.

चौकोन केवढा असावा ह्यावर त्या वेळीं मोठा वाद झाला. कलकत्त्याचे प्रख्यात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. खर्च कमी येतो आणि पुष्कळ ठिकाणीं कापतां येतें. सुखात्मे म्हणत, लहान तुकडा पीक फुगवितो. कां? तर काठावर उभें असलेलें ताट आंत धरावें कीं बाहेर सोडावें अशी शंका आली म्हणजे माणसाचा हात नकळत तें आंत ओढतो. चार फूट बाजूच्या चौकोनास काठ १६ फूट आणि क्षेत्र १६ चौरस फूट. तेथें काठावरचीं चार ताटें आंत आलीं तर हिशेब बिघडलाच. तेंच ३३ फूट बाजू धरली तर काठ १३२ फूट, पण क्षेत्र १,०८९ चौरस फूट, म्हणजे गुंठाभर. तेथें काठाची चूक पोटांत जिरून जाते. ह्या गोष्टीस कोणाची लबाडी लागत नाहीं हेंच तींतील मर्म आहे. आम्ही स्वतः कापणी प्रयोगांस हजर राहिलों आहों आणि दोरीवर आलेलें ताट आंत घेतांना आमचाच हात पाहिला आहे.

दरम्यान रोमच्या संस्थेनें १९३० सालीं साऱ्या जगाची पहिली शेतकी गणना करविली होती. तिच्याकरितां लिऑन एस्टाब्रुक नांवाचा अमेरिकन गृहस्थ देशोदेशीं हिंडून प्रत्येक सरकारास एकच नमुना भरण्याविषयीं विनवीत होता. दुसऱ्या महायुद्धानें ती संस्था मोडकळीस आली. १६ ऑक्टोबर १९४५ रोजीं कॅनडांतील क्वेबेक येथें संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेतकी संघटना स्थापन झाली, तिनें जुन्या संस्थेचें काम व ग्रंथालय आपल्याकडे घेतलें, आणि १९५१ सालीं ती रोमास राहावयास आली. त्याच सालीं तिच्या आकडेवारीच्या खात्यावर सुखात्मे गेले, आणि सुमारें वीस वर्षें जगाच्या गोषवाऱ्याचें काम त्यांच्या देखरेखीखालीं चाललें. बुधचा माणूस रोमास बसून साऱ्या पृथ्वीचा नमुना तपासतो आहे, हें चित्र आम्हां महसुली माणसांस फार आवडतें.

तरीही १९७२ सालीं ही सर्व व्यवस्था फसली. त्या वर्षीं रशियांत गव्हाचें पीक बुडालें. रशियाचें सरकार आपले आकडे कोणास दाखवीत नसे, त्यामुळें बुडाल्याची बातमी बाहेर आली नाहीं. रशियाचे खरेदीदार उन्हाळ्यांत गुपचूप अमेरिकेस आले आणि निरनिराळ्या पेढ्यांशीं अलग अलग सौदे करून त्यांनीं सुमारें एक कोटी टन धान्य उचललें. एका पेढीस दुसरीच्या सौद्याचा पत्ता नव्हता, आणि अमेरिकेचें सरकार तर नेहमींच्या नियमाप्रमाणें त्या निर्यातीस वर पदरचें अनुदान देत होतें. बातमी फुटली तेव्हां दक्षिणेकडच्या ज्या शेतकऱ्यांचें पीक आधीं येतें त्यांनीं आपला गहू जुन्या भावानें विकून टाकला होता. पुढच्या वर्षभरांत भाव दुपटीहून वर गेला.

हें साल महाराष्ट्रांत कोणास सांगावें लागत नाहीं. त्याच वर्षीं आपल्याकडे पाऊस पडला नाहीं. आम्ही त्या वेळीं पांच-सहा वर्षांचे होतों. पंधरा एकरांचे धनी असून वडील खडी फोडावयास जात, आणि घरीं तांबड्या मिलोची भाकरी असे. ती गिळतांना आम्ही रडत असूं हें आई पुढें पुष्कळ वर्षें सांगे. १९७३ सालीं भारतास परदेशांतून जें धान्य घ्यावें लागलें तें ह्या चढलेल्या बाजारांत घ्यावें लागलें. एका देशानें आपल्या पिकाचा आकडा झांकला, त्याची किंमत ज्यांनीं भरली त्यांत ज्यांचा त्या सौद्याशीं कांहीं संबंध नाहीं असे लोक होते.

ह्या फजितीनंतर दोन गोष्टी झाल्या. रोमच्या संघटनेनें १९७५ पासून टंचाईची आगाऊ सूचना देणारें स्वतंत्र खातें सुरू केलें. आणि अमेरिकेनें आकाशांतून पीक पाहण्याचा प्रयोग हातीं घेतला. योगायोग असा कीं, जमीन न्याहाळणारा तिचा पहिला लँडसॅट उपग्रह २३ जुलै १९७२ रोजींच, म्हणजे ते सौदे चालू असतांनाच उडाला होता. ह्या पाहणीची युक्ति सोपी आहे. हिरवें पान तांबडा प्रकाश शोषून घेतें आणि डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण जोरानें परतवितें. पीक सुकूं लागलें कीं हें प्रमाण बदलतें. उपग्रह तें प्रमाण मोजतो. हल्लीं युरोपचे उपग्रह दर पांच दिवसांनीं तेंच शिवार पाहतात, आणि दहा मीटर बाजूचा एकेक चौकोन त्यांस निराळा दिसतो. परंतु आकाशांतून पान दिसतें, दाणा तोलतां येत नाहीं. शेंगा भरल्या कीं पोचट राहिल्या हें ठरविण्यास शेवटीं शिवारांत दोरी घेऊन जावें लागतें.

आकडे असूनही भयानें काय होतें हें २००८ सालीं दिसलें. त्याच्या आदल्या वर्षीं जगांत भाताचें पीक विक्रमी होतें. तरी गहू महागला म्हणून भारतानें ऑक्टोबर २००७ मध्यें साध्या तांदुळाची निर्यात रोखली, व्हिएतनामनें हात आंखडला, घेणाऱ्या देशांनीं घाबरून अधिक मागणी केली. टनास ४०० डॉलरांच्या आंत असलेला थायलंडचा तांदूळ सहा महिन्यांत ९०० च्या वर गेला. पिकलेल्या तांदुळापैकीं शेंकडा दहाच्या आसपासच देशाबाहेर विकला जातो, त्यामुळें थोडीं दारें लागलीं तरी बाजार कोंडतो. जपानपाशीं कोठारांत परदेशी तांदूळ पडून होता. तो तें बाहेर सोडणार अशी नुसती बातमी आली आणि भाव उतरूं लागला. धान्याचा एक दाणा हलण्यापूर्वीं भाव उतरला. पुढें २०१० च्या ऑगस्टांत अवर्षण व वणवे ह्यांमुळें रशियानें गव्हाची निर्यात बंद केली व तोच खेळ पुन्हां झाला.

तेव्हां जून २०११ मध्यें पॅरिस येथें जी-२० राष्ट्रांच्या शेतकी मंत्र्यांनीं दोन कामें ठरविलीं. पहिलें, शेतमालाच्या बाजाराची माहिती एकत्र ठेवणारें मंडळ, ज्यास संक्षेपानें ‘ॲमिस’ म्हणतात. त्याची कचेरी रोमासच आहे. गहू, मका, तांदूळ व सोयाबीन हीं चारच पिकें त्यानें धरलीं आहेत. भारत, चीन, अमेरिका, ब्राझिल ह्यांजबरोबर इजिप्त, थायलंड, व्हिएतनाम, युक्रेन असे मोठे घेणारे-देणारे देशही त्यांत आहेत. वर्षांतून दहा वेळां तें पत्रक काढतें, आणि कोणासही तें फुकट वाचतां येतें. दुसरें काम उपग्रहांच्या पाहणीचें. ह्यांत निरनिराळ्या देशांचे अंतराळ विभाग, शेतकी खातीं व विद्यापीठें दर महिन्यास आपापली पाहणी पुढें मांडतात, वाद घालतात, आणि एकमत झालें म्हणजे जगाच्या नकाशावर रंग भरतात: पीक ठीक तेथें हिरवा, लक्ष ठेवावें तेथें पिवळा, बिघडलें तेथें तांबडा. आपल्याकडे ह्या तऱ्हेच्या उपग्रह-पाहणीसाठीं दिल्लीस २०१२ सालीं केंद्र निघालें, त्यास महालनोबिसांचें नांव आहे.

जगाचा कारभार पुढें कसा चालावा, सर्व राष्ट्रांवर एक सरकार असावें कीं नसावें, ह्यावर विद्वान लोक मोठे ग्रंथ लिहितात. आमची समजूत अशी आहे कीं, एवढ्या मोठ्या पृथ्वीस एक मामलेदार नेमणें कोणास साधणार नाहीं, आणि साधलें तर आम्हांस नको. पण फौज नाहीं, सारा नाहीं, जप्ती नाहीं, अशी एक चावडी शंभरावर वर्षें पडझड होऊनही चालत आली आहे. तिच्या फळ्यावरचा आकडा सर्वांस लागतो म्हणून शत्रुराष्ट्रेंही तेथें येऊन बसतात. आज युक्रेनही तींत आहे आणि रशियाही.

तिची दुबळी बाजूही झांकूं नये. आकडा मुळांत ज्या त्या सरकारचा. चीननें २०१८ सालीं आपल्या मक्याचे मागील दहा वर्षांचे आकडे स्वतःच दुरुस्त केले, तेव्हां २५ कोटी टनांहून अधिक मका वाढला. इतका मका जगांतील तज्ज्ञांच्या नजरेंतून सुटला होता. त्याच चीनमध्यें १९५८ सालीं गांवोगांवच्या अधिकाऱ्यांनीं वरिष्ठांस खूष करण्याकरितां पीक फुगवून कळविलें, त्या फुगीर आकड्यांवर सरकारनें धान्य उचललें, आणि पुढील तीन वर्षांत कोट्यवधि माणसें उपासमारीनें मेलीं. तसेंच आकडा खरा कळला म्हणून सरकार दार उघडें ठेवील असेंही नाहीं. २०२२ सालीं आपल्याच देशांत फेब्रुवारीचा अंदाज ११ कोटी १३ लाख टन गव्हाचा होता. मार्च महिना असा तापला कीं १९०१ पासून तसा मार्च नोंदला गेला नव्हता; दाणा बारीक राहिला. १३ मे रोजीं निर्यात बंद झाली, आणि त्यानंतर आठवड्याभरांत सुधारलेला अंदाज निघाला, तो १० कोटी ६४ लाख टनांचा. ज्यांनीं चढत्या भावाच्या आशेनें गहू घरांत ठेवला होता त्यांस दोन्ही बातम्या मागाहून कळल्या. २० जुलै २०२३ रोजीं पांढरा साधा तांदूळ बंद झाला, तो सप्टेंबर २०२४ अखेर सुटला. अशा बंदीपूर्वीं चार दिवस तरी शेतकऱ्यास सूचना असावी, असा नियम सर्व राष्ट्रांनीं मिळून करणें हें ह्या चावडीचें उरलेलें काम आहे. पण तो कोणतेंही सरकार आपण होऊन पत्करील असें आम्हांस वाटत नाहीं. ल्युबिनच्या मूळ मनसुब्याप्रमाणें शेतकऱ्यांचे संघ आंत असते तर गोष्ट निराळी होती. कांद्यास तर त्या चार पिकांत जागाच नाहीं, हें आमच्या नाशिककडील बंधूंस लागणें साहजिक आहे.

आतां सभासदांच्या प्रश्नाकडे वळतों. जगांत सोयाबीन सुमारें ४० कोटी टन पिकतें. त्यांत भारताचें एक कोटी टनांहून थोडें अधिक, ब्राझिलाचें पंधरा कोटी व त्याच्याही वर. आपण खातों त्या तेलापैकीं निम्म्याहून अधिक बाहेरून येतें. त्यामुळें आपल्या सोयाबीनचा भाव तेल व पेंड ह्यांच्या जागतिक भावास बांधलेला आहे, व मधली आयातकराची भिंत दिल्लीकर वेळोवेळीं उंच-सखल करितात: सप्टेंबर २०२४ मध्यें त्यांनीं ती वाढविली, मे २०२५ अखेर कच्च्या तेलापुरती उतरविली. दसरा-दिवाळीस आपला माल निघतो त्याच वेळीं अमेरिकेचाही निघतो, आणि ब्राझिलांत पेरा चालू असतो. तेथें पेऱ्यास पाऊस साधला म्हणजे फेब्रुवारीपासून माल येणार हें घेणाऱ्यास दिसतें, व तो आज हात आंखडता घेतो. अडत्यानें सांगितलें तें खरें होतें. त्यास तें कळलें तें मोठ्या गिरण्यांच्या खरेदीदारांकडून. आणि आमच्या सभासदांस तेंच रोमच्या पत्रकांतून फुकट कळूं शकलें असतें. पत्रक इंग्रजींत असतें ही अडचण आहे खरी. तेवढ्याकरितां संघाच्या फळ्यावर दर महिन्यास सोयाबीन, मका व गहू ह्यांविषयीं चार ओळी मराठींत लिहिण्याचें आम्ही पत्करलें आहे.

एक गोष्ट सांगावयाची राहिली, ती आम्हांस भूषणावह नाहीं. नोकरींत असतां एका गांवचें रब्बीचें पत्रक आमच्यापुढें आलें. तें शिवारांत न जातां चावडींत बसून भरलें आहे हें आम्ही पाहतांच ओळखलें. आदल्या सालचे आकडे जसेच्या तसे होते. आम्ही बेरीज केली, ती जुळली, आणि कागद पुढें पाठविला. दोन महिन्यांनीं त्या गांवचा एक शेतकरी उतारा घेऊन कचेरींत आला. शेतांत हरभरा, उताऱ्यावर ज्वारी. हमीभावाच्या केंद्रावर त्याचा हरभरा घेतला नाहीं, व्यापाऱ्यास उतरत्या भावानें द्यावा लागला. भांडावयास तो आला नव्हता. क्विंटलामागें किती गेले हें त्यानें पाकिटावर हिशेब करून आम्हांस दाखविलें, आणि दुरुस्तीचा अर्ज कोठें द्यावयाचा एवढें विचारलें. आमच्या जिल्ह्याच्या, राज्याच्या, देशाच्या आणि रोमच्या गोषवाऱ्यांत त्या सालीं त्याचा हरभरा नव्हता.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी आली व ही नोंद आपल्या मोबाइलवरून, शेतांत उभें राहून, फोटोसह करण्याची सोय खातेदारास झाली. ती करण्यास पुष्कळ लोक कंटाळतात. रेंज मिळत नाहीं, मोबाइल नातवाचा असतो, आणि मुदत संपून जाते. ज्यांस स्वतः जमत नसेल त्यांनीं शनिवारच्या बाजारीं संघाच्या कचेरींत यावें. आम्ही तेथें असतों. येतांना गट नंबर व खाते नंबर लिहून आणावा, आणि फोटो शेतांतच काढावा लागतो म्हणून मोबाइल चार्ज करून ठेवावा.